सबनीसांचं झाड

आम्हाला मस्कत सोडावं लागलं ते एका झाडामुळे, असं आई शेवटपर्यंत सांगत असे. ते खरं नाही. झाडाने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. सेशेल्स नावाच्या बेटांवर, डोंगरमाथ्याच्या उघड्या खडकात ते ढग पिऊन उभं होतं. तिथून कुणीतरी त्याला मुळासकट काढलं आणि एका माणसाला मिरवता यावं म्हणून वाळूत आणून ठेवलं. मस्कत सुटलं ते माणसांमुळे, आणि त्या माणसांत मीही होते. हे लिहायचं मी फार दिवस टाळलं. लोकांबद्दल वाईट लिहायला मला जड जात नाही, घरात तशी माझी ख्यातीच आहे, पण या प्रकरणात तेवढ्यावर भागत नाही.

तेव्हा आम्ही दार्सैतला राहत होतो, कृष्णमंदिराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि खिडकीत बसवलेला एक जुना एसी. तो सुरू झाला की कुणीतरी गिरणी चालवतंय असं वाटायचं आणि बंद पडला की घरात अचानक शेजाऱ्यांची भांडणं ऐकू यायची. त्याचं टपकणारं पाणी आई बादलीत धरून तुळशीला घालायची. मंदिरातली आरती आणि मशिदीतली बांग कधीकधी एकाच वेळी यायची, तेव्हा आई दोन्ही संपेपर्यंत कुकर लावत नसे. शिटी मध्ये नको म्हणायची. बाबा आठवडाभर बरक्याला, मस्कतपासून तासाभराच्या गावी, असायचे. तिथल्या एका बागेवर ते कामाला होते आणि बागेतल्याच खोलीत राहायचे. सुट्टीच्या आदल्या दिवशी ते पिकअप घेऊन यायचे. हातात बरक्याच्या मासळीबाजारातली सुरमई, पिशवीत लिंबं, पपई, आणि नखांत माती. आई सुरमईचं तिखलं करायची, तांदळाची भाकरी, आणि गावाहून आणलेली कुळथाची पिठी पुरवून पुरवून. बाबा जेवताना बोलत नसत. जेवून झालं की बागेतल्या एकेका झाडाची खुशाली सांगत, जशी इतरांची माणसं नातेवाइकांची सांगतात.

मला त्या नखांची लाज वाटायची. वर्गातल्या मुलींचे वडील इंजिनिअर, अकाउंटंट, कुणाचे बँकेत. मी सांगितलं होतं की माझे बाबा लँडस्केप इंजिनिअर आहेत. हा शब्द मी एका मासिकातून उचलला होता. आमच्या सगळ्यांचं मराठी तेव्हाच लंगडं झालं होतं, आम्ही आपसांत इंग्रजीच बोलायचो, त्यामुळे माळी हा शब्द कुणाच्या तोंडी यायची भीती नव्हती. तरी बाबा शाळेच्या दारात पिकअप घेऊन आले की मी दोन बस सुटेपर्यंत आत थांबायचे.

बागेची जमीन सालिम नावाच्या एका ओमानी म्हाताऱ्याची. ती सबनीसांनी भाड्याने घेतली होती. सबनीस म्हणजे एका बांधकाम कंपनीतले मोठे साहेब. बाबांचा व्हिसा त्यांच्याच कंपनीवर होता. मस्कतमधल्या मराठी लोकांत त्यांना जो मान होता तो पाहून मला तेव्हा वाटायचं की या माणसाने काहीतरी केलं असेल. काही केलं नव्हतं. त्यांच्याकडे मोठा हॉल होता आणि जेवण चांगलं असायचं, बस. आमच्या लोकांना तेवढं पुरतं. त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, जरा वेगळ्या होत्या. त्या कुणालाही पहिल्या भेटीत ‘तू अगदी घरातली आहेस’ असं म्हणत, आणि घरातल्या माणसाला जी कामं सांगतात ती लगेच सांगत.

झाड आलं ते लोखंडी ड्रममध्ये, गोणपाटात गुंडाळून. सबनीसांच्या ओळखीचा कुणी जहाजावर होता, त्याने आणून दिलं. पुरुषभर उंची, काळपट भेगाळलेली साल, जाड चकचकीत पानं, आणि जून झालेली दोन-चार पानं कुंकवासारखी लाल. बाबांनी पहिल्यांदा विचारलं, “साहेब, याचे कागद?” सबनीस म्हणाले, “रघुनाथ, तुला झाड दिलंय, कागद नाही.” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे महिनाभर ते पाहुण्यांना ऐकवत होते.

जगात हे झाड फक्त सेशेल्सच्या बेटांवर आहे, तेही बोटांवर मोजण्याइतकं. एके काळी ते संपलं असंच लोक धरून चालले होते, मग डोंगरावर काही सापडली. त्याचं फळ वाळलं की उलट्या छत्रीसारखं उघडतं, म्हणून त्याला तिकडे जेलीफिशचं झाड म्हणतात. ही सगळी माहिती खरी आहे, आणि ती सबनीसांनी इतक्या वेळा सांगितली की मला ती आजही तोंडपाठ आहे. पण खरी माहिती त्यांना पुरत नव्हती. मंडळींनी मदत केली. एका निवृत्त प्राध्यापकांनी हा मूळचा पारिजातकच, असं सिद्ध केलं. एका बाईंनी त्याच्यावर कविता केली आणि ती काचघरासमोर उभं राहून वाचली, सव्वीस कडवी. सबनीसांनी झाडाचं नाव ‘देवपुष्प’ ठेवलं. तोवर त्याला एकही फूल आलं नव्हतं.

हे काचघर बागेत खास त्याच्यासाठी बांधलं होतं. दोन मोठे कूलर, पाण्याचे तुषार सोडणारी नळी, वर जाळी. जमीनमालक सालिम रोज संध्याकाळी काठी टेकत यायचा, काचेतून बघायचा आणि आपल्या मोडक्या हिंदीत बाबांना विचारायचा.

“रघू, इसका फल खाता है?”

“नाही.”

“छाया देता है?”

“नाही.”

“बकरी खाता है पत्ता?”

“नाही, अर्बाब.” बाबा त्याला अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत.

“तो इतना पानी?”

“साहेबांना आवडतं.”

त्यावर सालिम पाठ फिरवी. आपल्या खजुरांकडे निघून जाई. त्या बागेत आलेल्या सगळ्या माणसांत नीट प्रश्न विचारणारा तो एकटाच होता असं मला आता वाटतं. तेव्हा मला तो अडाणी वाटायचा.

बाबांनी मात्र त्या झाडाला जीव लावला. चोरून आणलेलं आहे हे त्यांना कळलं होतं, पण आलंय तर मरू द्यायचं नाही असं त्यांचं सरळ गणित. पानं हाताने पुसायचे. कूलर एकदा बंद पडला तर ओली पोती काचेवर टाकून दिवसभर त्यांच्यावर पाणी मारत बसले. थंडीत झाडाला कळ्या धरल्या. बारीक, हिरव्या, मोहरीएवढ्या. बाबा सुट्टीला घरी आले आणि जेवताना, चक्क जेवताना, म्हणाले, “कळ्या आल्या.” आईने त्यांच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

सबनीसांनी फुलांचा समारंभ ठरवला. तारीख आधी ठरली, फुलं नंतर यायची होती. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मी बाबांबरोबर बरक्याला गेले होते. समारंभाच्या आठवडाभर आधी बाईंच्या मैत्रिणी भारतातून आल्या, आणि बाईंना ते झाड दोन दिवस मस्कतच्या बंगल्यात, दिवाणखान्यात हवं झालं. बाबा म्हणाले, “बाई, त्याला एसीची कोरडी हवा चालणार नाही. कळ्या गळतील.” बाई म्हणाल्या, “अरे, आम्ही माणसं राहतो ना त्या हवेत?” झाड गेलं. दोन दिवसांनी परत आलं तेव्हा पानांच्या कडा करपल्या होत्या आणि फांद्यांवर एक कळी नव्हती. बाबांनी ड्रम काचघरात ठेवला, तुषार सुरू केले आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. मी विचारलं, “आता?” ते म्हणाले, “जगलं तर पुढच्या वर्षी.”

सबनीस दुसऱ्या दिवशी आले. रागावले नाहीत. त्यांनी उपाय आणला होता. बागेत लिंबं फुलली होती, तीही फुलं पांढरीच. चार-सहा डझन फुलं नीट बांधली तर घटकाभर बघणाऱ्या पाहुण्यांना काय कळतंय? मी काचघराच्या मागे नळीचं वेटोळं करत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“ते मला जमणार नाही साहेब,” बाबा म्हणाले.

“जमणार नाही की करणार नाहीस?”

“करणार नाही.”

सबनीस थोडे हसले आणि गाडीत बसून गेले. मला बाबांचा राग आला. एवढ्याशा गोष्टीला हा माणूस नाही म्हणतो, आणि तेही साहेबांना. तेव्हा मला नाही म्हणणं हा गरिबांचा आडमुठेपणा वाटायचा.

समारंभाच्या सकाळी बाई लवकर आल्या. बाबांना त्यांनी खुर्च्या आणायला मस्कतच्या वाटेवरच्या सीबला पिटाळलं आणि मला हाक मारली. त्यांच्या मांडीवर शिवणाचा डबा होता, त्यात हिरवा रेशमी दोरा. “तुझी बोटं किती बारीक आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि तू अगदी घरातली आहेस. बाबांना कशाला सांगायचं? जुन्या वळणाचे आहेत ते.” पुढे आणखी काही बोलायची गरज नव्हती. मला कुणी धमकी दिली नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. मी टोपली घेऊन लिंबाच्या झाडाकडे जवळजवळ पळतच गेले.

आंब्याचं कलम बांधायला बाबांनी मला लहानपणी गावी शिकवलं होतं. दोरा दोनदा फिरवायचा, टोक खालून आत घ्यायचं आणि ओढताना अंगठ्याने दाबून धरायचं, म्हणजे गाठ दिसत नाही आणि साल कापत नाही. तीन तास मी त्या काचघरात उभी होते. तुषारांनी केस भिजले, लिंबाच्या फुलांच्या वासाने डोकं जड झालं. फुलं मी सरसकट नाही बांधली. टोकाला दाट, आत विरळ, एखादी अर्धी उमललेली, खाली चार पाकळ्या पडलेल्या. कुणी शिकवलं नव्हतं, सुचत गेलं. बाई मधूनमधून येऊन म्हणत, “आर्टिस्ट आहेस गं तू.” मला इतकं बरं आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय. हे लिहायला नको होतं, पण तसंच आहे.

चारच्या सुमाराला गाड्या आल्या. रेशमी साड्या, सुगंधी अत्तरं, बटाटेवडे, श्रीखंड, कोकम सरबत. काचघराचं दार उघडं ठेवलं होतं, चौघाचौघांना आत सोडत होते. मी सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी. बाबा सीबहून उशिरा परतले होते आणि मागे खुर्च्या लावत होते, त्यांनी अजून आत पाहिलं नव्हतं. माणसं आत जायची आणि डोळे मिटून श्वास घ्यायची. “काय दैवी सुगंध आहे,” प्राध्यापक म्हणाले. “पृथ्वीवरचा वाटतच नाही.” बरक्यात ज्या रस्त्याने ते आले, त्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाच्या बागा तसाच वास सोडत उभ्या होत्या. कवितेच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ट्रे धरून या सगळ्यांना मनात हसत होते, आणि त्यांच्यातली एक व्हायला मी काय वाटेल ते केलं असतं.

एका डॉक्टरांबरोबर त्यांच्या रुग्णालयातली एक नर्स आली होती. सावळी, उंच, केस गच्च वेणीत, नाव मारी. डॉक्टरांनी तिला मुद्दाम आणलं होतं, कारण ती त्याच बेटावरची. सबनीसांना हे आधी माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा ती आत पोचली होती, हातात अर्धा खाल्लेला बटाटेवडा. तिने झाड पाहिलं आणि खायची थांबली. पानाला हात लावला. मग फुलाजवळ नाक नेलं आणि मोठ्याने हसली.

“हे लिंबू आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “झाड आमचंच आहे, पण फूल लिंबाचं आहे.” आणि तिने एक फूल ओढलं. त्याच्यामागे बोटभर हिरवा दोरा लोंबत आला.

सबनीसांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं, आणि ते इतकं हुबेहूब होतं की दोन क्षण मलाही ते खरं वाटलं. “रघुनाथ,” त्यांनी हाक मारली, “हा काय प्रकार आहे?”

बाबा आत आले. खिशातून चष्मा काढून लावला, एक फांदी हळूच वाकवली आणि गाठ पाहिली. दुसरी पाहिली. मग तिसरी. ते मुळीच घाई करत नव्हते. मी ट्रे पोटाशी धरला. बाई माझ्याकडे बघत होत्या, अगदी शांतपणे, जसं एखाद्या मोलकरणीकडे बघावं.

“मी बांधली साहेब,” बाबा म्हणाले.

“आम्ही किती विश्वास टाकला होता,” बाई म्हणाल्या. मागून कुणीतरी म्हणालं की या लोकांना कितीही करा. प्राध्यापक म्हणाले, मला वासावरून शंका आलीच होती. आणि मी दारात उभी होते, बारा पावलांवर. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. मी उघडलं नाही. पेले सावरत राहिले.

मारीने बाबांना विचारलं, “का केलंत?” बाबा त्यांच्या जोडून जोडून केलेल्या इंग्रजीत म्हणाले, “कळ्या गळल्या.” मग त्यांनी तिला विचारलं, तुमच्याकडे याला पाणी किती देतात? ती म्हणाली, कुणीच देत नाही. डोंगरावर ढग येतो, तेवढाच. तिचे मामा तिकडे जंगलखात्यात होते, ते लहानपणी तिला वर घेऊन जायचे. त्या झाडाची काडीसुद्धा खाली आणायला परवानगी नाही, असंही तिने सांगितलं, सबनीसांकडे न बघता. बाबा विचारत गेले. माती कसली, खडकात मूळ किती खोल जातं, वारा कुठून असतो. ती सांगत गेली. खुर्च्यांवरची मंडळी आपापल्या बशीत बघत होती आणि त्या काचघरात दोन माणसं एका झाडाबद्दल बोलत होती.

पुढचं थोडक्यात सांगते. झाड उन्हाळ्याच्या आत मेलं. कागद नव्हते, म्हणून सबनीसांनी चौकशीच्या भीतीने ते परत पाठवायचा विचारही केला नाही. तुकडे करून जाळलं, असं सालिमने सांगितलं. बाबांना महिन्याची नोटीस मिळाली. सालिम त्यांना आपल्याकडे घ्यायला तयार होता, पण त्यासाठी सबनीसांचं ना-हरकत पत्र लागत होतं आणि ते साहेबांनी दिलं नाही. माझी परीक्षा झाली आणि आम्ही गावी गेलो. मी पुढे लग्न होऊन पुन्हा मस्कतलाच आले, आज वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे, खाली शाळेच्या बस उभ्या आहेत. सबनीस आता पुण्याला असतात. मध्यंतरी त्यांचा सत्कार झाला, पर्यावरणप्रेमी म्हणून. कुणीतरी फोटो पाठवला होता. मी तो पुसून टाकला नाही. कधी मन मवाळ व्हायला लागलं की बघते.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच अजून घडलं नव्हतं. बाबा मला पिकअपमधून दार्सैतला सोडायला निघाले. बरक्याची दुकानं मागे गेली, मोठा रस्ता लागला, डाव्या हाताला समुद्राकडचा उजेड अजून होता. मी म्हटलं, “बाबा, ती फुलं मी बांधली.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“गाठीवरून.” जरा वेळाने त्यांनी विचारलं, “बाईंनी जबरदस्ती केली?”

हो म्हणणं सोपं होतं आणि ते त्यांना पटलं असतं. “नाही,” मी म्हटलं. “मला आवडलं बांधायला.”

ते गाडी चालवत राहिले. एवढी वाट मी कधीच कुणाच्या बोलण्याची पाहिली नाही. मला त्यांनी ओरडायला हवं होतं, गाडी थांबवून एक थोबाडीत द्यायला हवी होती. सीबच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते समोर बघत म्हणाले, “आईला सांगू नको गो. तिला तुझा फार अभिमान आहे, तो राहू दे.”

तिला, म्हणाले. आम्हाला नाही. सिग्नल सुटला. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी घराच्या रस्त्याला लागली.